डेन्व्हर ते ब्रेकनरिज : बर्फातल्या रस्त्यावर भाड्याची गाडी नेण्यापूर्वी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्नी, सहा वर्षांचा मुलगा आणि आई यांच्यासह तुम्ही नाशिकहून अमेरिकेत येत आहात. बुधवारी संध्याकाळी पाचला डेन्व्हर विमानतळावर उतरून तिथूनच भाड्याची एसयूव्ही घ्यायची, त्याच रात्री कोलोरॅडोच्या डोंगरातल्या ब्रेकनरिज गावी पोहोचायचे आणि रविवारी दुपारी तीनच्या विमानाने परत निघायचे, असा बेत आहे. कसारा घाटात वीस वर्षे गाडी चालवली आहे, पण बर्फावर एक मैलही नाही. चारही चाकांना जोर पोहोचवणारी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेतली की पुरेसे आहे का आणि साखळ्या लागतील का, हे तुम्हाला हवे आहे.

मी सोळा हिवाळे याच रस्त्यावर प्रवासी व्हॅन चालवली आणि आता नव्या चालकांना तयार करतो. त्या अनुभवावरून सांगतो की ऑल-व्हील ड्राइव्ह जरूर घ्या, पण ती पुरेशी नाही. आणि तुमच्या बेतातली सर्वांत धोक्याची गोष्ट गाडी नसून बुधवारची रात्र आहे.

आधी त्या रात्रीचेच पाहू. पाचला विमान उतरले तरी इमिग्रेशन, सामान, आणि टर्मिनलपासून दूर असलेल्या भाड्याच्या गाड्यांच्या तळापर्यंतची बस हे सगळे उरकून किल्ली हातात पडेपर्यंत साडेसात सहज होतात. हिवाळ्यात भारताचे घड्याळ डेन्व्हरच्या साडेबारा तास पुढे असते, त्यामुळे त्या क्षणी तुमच्या शरीराच्या लेखी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ वाजलेले असतात आणि मधली सगळी रात्र विमानात अर्धवट झोपेत गेलेली असते. अशा अवस्थेत रस्त्याच्या उजव्या बाजूने, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या अनोळखी गाडीत, अंधारात, आयुष्यात पहिल्यांदा बर्फावर, सुमारे शंभर मैल आणि तेही चढणीचे जायचे आहे. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवसा उन्हाने वितळलेले पाणी संध्याकाळनंतर पुन्हा गोठू लागते. बुधवारी विमानतळाजवळ मुक्काम करा आणि गुरुवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास निघा. तोवर मीठ-पाण्याच्या फवारणीच्या गाड्या फिरून गेलेल्या असतात, रस्त्यावर ऊन पडलेले असते आणि तुम्हीही माणसांत आलेले असता. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवण्यासाठी इथे घासाघीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गाडी. ऑल-व्हील ड्राइव्हचा उपयोग गाडी जागची हलण्यासाठी आणि चढावर चाके जागच्या जागी फिरू नयेत यासाठी होतो. थांबण्यात तिचा काही वाटा नसतो, कारण ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना लागतात आणि शेवटी रस्त्याला धरून राहतात ते तळहाताएवढे रबराचे चार ठसे. घर्षणाच्या नेहमीच्या आकड्यांनी गणित मांडले, तर ताशी ४० मैलांनी, म्हणजे साधारण ६४ किलोमीटरने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून २३ मीटरच्या आसपास थांबते, दाबून बसलेल्या हिमावर तिला ८० मीटर लागतात आणि निव्वळ बर्फावर १६० मीटरही लागू शकतात. चालकाला दचकून ब्रेकवर पाय ठेवायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. ऑल-व्हील ड्राइव्हची गंमत, किंवा दगाबाजी म्हणा, अशी की ती निघताना इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळतच नाही, आणि ते कळते तेव्हा पाय ब्रेकवर असतो. हिवाळ्यात रस्त्याकडेच्या चरात उतरलेल्या गाड्यांमध्ये मोठ्या एसयूव्ही काही कमी दिसत नाहीत.

म्हणून गाडी कोणती मिळाली यापेक्षा तिला टायर कोणते आहेत, हे पाहणे महत्त्वाचे. भाड्याच्या गाड्यांना बहुतेक वेळा ‘ऑल-सीझन’ टायर असतात. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की या टायरांचे रबर घट्ट होऊ लागते आणि त्याची पकड कमी होते. खऱ्या हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाची खूण असेल, तर तो टायर हिमावर प्रत्यक्ष चाचणी देऊन उतरलेला असतो. नुसते ‘एम अँड एस’, म्हणजे चिखल आणि हिम, एवढेच छापले असेल तर ते खाचांच्या रचनेवरून दिलेले नाव आहे. कायद्याला ते चालते, पण मला त्याचा फारसा भरवसा वाटत नाही.

कायद्याचे असे आहे की आय-७० महामार्गावर पूर्वेकडचे मॉरिसन ते पश्चिमेकडचे डॉटसेरो या टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मेपर्यंत प्रवासी गाड्यांनाही पकडीचे नियम लागू असतात, आणि ब्रेकनरिजला जाताना तुम्ही नेमके याच टप्प्यातून जाता. गाडी चार चाकांना जोर देणारी असली तरी टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास खोल असाव्या लागतात. आपल्याकडे १.६ मिलिमीटरपर्यंत टायर कायदेशीर असतो, नव्या टायरच्या खाचा आठेक मिलिमीटर असतात, यावरून ही अपेक्षा किती कडक आहे ते लक्षात येईल. नियम मोडून गाडी अडकली आणि तिच्यामुळे रस्ता बंद झाला, तर दंड ६५० डॉलरच्या वर जातो. साखळ्यांचे उत्तर यातच आहे: चांगल्या टायरांची ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर एरवी त्या लागत नाहीत, दोनच चाकांना जोर असलेली गाडी गळ्यात पडली तर प्रश्न उभा राहतो, कारण भाड्याच्या पुष्कळ करारांत साखळ्या लावण्यास मनाई असते. टायरवर चढवायचे कापडी मोजे मिळतात आणि इथे ते मान्यही आहेत, पण करारातले ते कलम वाचूनच घ्या. सोपा मार्ग म्हणजे दोनच चाकांना जोर देणारी गाडी डोंगरासाठी स्वीकारूच नये. आरक्षणात ‘एसयूव्ही’ लिहिले आहे म्हणजे ती ऑल-व्हील ड्राइव्ह असेलच असे नाही. एकाच मॉडेलचे दोन्ही प्रकार तळावर शेजारी शेजारी उभे असतात. काउंटरवर तोंडी विचारा आणि मग मागच्या दारावर ‘एडब्ल्यूडी’ किंवा ‘फोरबायफोर’ ही अक्षरे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

हे मी इतके ताणून सांगतो याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझी स्वतःची गाडी दुरुस्तीला होती म्हणून मी एका कंपनीची गाडी दोन दिवसांसाठी घेतली. घाई होती, संध्याकाळ होती, टायर बाहेरून पाहिले तर खाचा ठसठशीत. फ्रिस्को गावाच्या एक्झिटला उताराच्या शेवटी थांबण्याची पाटी आहे, तिथे मी माणूस चालतो त्याहून थोड्या जास्त वेगाने आलो, ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक लागताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, घरघर सुरू झाली आणि गाडी अगदी सावकाश, जणू तिला कसलीच घाई नाही अशी, पाटी ओलांडून पलीकडच्या हिमाच्या ढिगात जाऊन टेकली. समोरून कोणी येत नव्हते एवढेच नशीब. खाली वाकून चाक पूर्ण वळवून मोबाइलचा उजेड टाकला, तेव्हा दिसले की पुढच्या दोन्ही टायरांच्या आतल्या कडा गोटा झालेल्या होत्या. चाकांची अलाइनमेंट बिघडलेली गाडी बरेच महिने तशीच फिरत असणार. कंपनीचे म्हणणे, गाडी तपासूनच दिली होती. चूक त्यांची होती हे खरे, पण सोळा हिवाळ्यांचा चालक खाली न वाकता निघाला हेही तितकेच खरे.

तेव्हा तळावरून बाहेर पडण्यापूर्वी, दिव्याच्या उजेडात, पुढची चाके एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडा पाहा. खाच मोजण्याचे छोटे मापक दुकानात काही डॉलरला मिळते, नाशिकहूनही आणता येईल. टायर पटले नाहीत तर गाडी बदलून मागा. किल्ली हातात असेपर्यंत आणि फाटकातून बाहेर पडेपर्यंत हे विनासायास होते, ८० मैलांवरून मात्र होत नाही. डिकीत बर्फ झाडायचा ब्रश आणि काच खरवडायची पट्टी आहे का ते पाहा आणि नसेल तर मागून घ्या. काचेवर फवारायचे पाणी हा दुसरा दुर्लक्षित विषय आहे. इथे रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात, पुढच्या ट्रकच्या चाकांमागून ते उडून समोरची काच दहा मिनिटांत दुधी करते, आणि टाकीत साधे किंवा उन्हाळी पाणी असेल तर ते काचेवरच गोठते आणि मग दिसायचे थांबते. कोणत्याही पेट्रोल पंपावर उणे २० फॅरनहाइट लिहिलेला निळा कॅन मिळतो, तो घ्या. सकाळी काचेवर साचलेले बर्फ काढायला गरम पाणी ओतण्याचा मोह आपल्या लोकांना हमखास होतो. काच तडकते, आणि त्याचे बिल मोठे असते. इंजिन चालू करून हीटरची हवा काचेकडे वळवा आणि दहा मिनिटे धीर धरा. टपावरचे हिमही झाडा, नाहीतर पहिल्या उतारावर ब्रेक लावताच ते सगळे समोरच्या काचेवर घसरून येते.

रस्त्याची थोडी ओळख करून देतो, म्हणजे वेग कुठे आवरायचा ते कळेल. डेन्व्हर विमानतळच साधारण ५,४०० फुटांवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराच्या उंचीवर आहे. तिथून पश्चिमेला मॉरिसननंतर चढ सुरू होतो, आयडाहो स्प्रिंग्ज आणि जॉर्जटाउनजवळून रस्ता क्लिअर क्रीकच्या अरुंद दरीतून जातो. या दरीतल्या काही वळणांवर हिवाळ्यात ऊन जेमतेम पोहोचते, त्यामुळे मागचा मैलभर रस्ता कोरडा असूनही सावलीतल्या वळणावर ब्लॅक आइस असू शकते. हा बर्फ काळा नसतो, पारदर्शक असतो, म्हणून खालचे डांबर दिसते आणि रस्ता नुसता ओला वाटतो. समोरच्या गाडीच्या चाकांमागून पाण्याचे तुषार उडत असतील तर ते पाणी आहे. ओला दिसणारा रस्ता आणि तुषार नाहीत, तर ते गोठलेले असल्याचे समजून चालावे. पूल आणि उड्डाणपूल खालूनही थंड हवा लागत असल्यामुळे इतर रस्त्याच्या आधी गोठतात.

त्यापुढे ११,१५८ फुटांवर आयझेनहॉवर बोगदा लागतो. पश्चिमेला जाणारा हा बोगदा १९७३ मध्ये खुला झाला, परतीचा जॉन्सन बोगदा १९७९ मध्ये, आणि लांबी सुमारे २.७ किलोमीटर आहे. बोगद्याच्या अलीकडे निरभ्र आकाश आणि पलीकडे तुफान हिमवर्षाव, असा अनुभव मी अनेकदा घेतला आहे, कारण बोगदा ज्या डोंगररांगेखालून जातो तीच हवामानाची भिंत आहे. बोगद्यातला कोरडा रस्ता संपताच, डोळे उजेडाला सरावण्याआधी, सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा, आठेक मैलांचा आणि दोन हजार फुटांहून जास्त खाली नेणारा उतार सुरू होतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढते रस्ते बांधले आहेत, यावरून त्याचा स्वभाव ओळखावा.

इथे तुमचा कसारा घाट कामाला येतो. घाटात गाडी न्यूट्रलला टाकून उतरवायची नाही, गिअरमध्ये उतरवायची, हे तुमच्या हातापायांना ठाऊक आहे. ऑटोमॅटिक गाडीत ते विसरले जाते इतकेच. गिअरच्या दांड्यावर ‘एल’, किंवा ‘एम’ किंवा ‘एस’ सोबत अधिक-उणे खुणा असतात, काही गाड्यांत स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या असतात, हायब्रीडमध्ये ‘बी’ असतो. तुमच्या गाडीत काय आहे ते तळावरच करून पाहा. बोगद्यातून बाहेर पडण्याआधीच वेग उतरवा, एकेक पायरी करत खालचा गिअर घ्या आणि उतारभर ब्रेकवर पाय रेलून न ठेवता अधूनमधून हलका दाब द्या. निसरड्यावर एकदम दोन-तीन गिअर खाली आणू नका, त्याने चाके घसरू शकतात. क्रूझ कंट्रोल बंद ठेवा, कारण चाक घसरत असताना वेग टिकवायला जोर देणारी यंत्रणा नको असते. समोरच्या गाडीपासून एरवी तीन सेकंदांचे अंतर ठेवत असाल तर इथे आठ-दहा सेकंदांचे ठेवा. मध्ये कोणी घुसेल, घुसू द्या, पुन्हा मागे राहा. कसाऱ्यातली एक सवय मात्र घरी ठेवून या: मागून कोणी दिवे मारले म्हणून वेग वाढवायचा नाही. उजवी लेन धरा.

घसरलातच तर काय करायचे, हे वाचून येत नाही. गुरुवारी सकाळी एखाद्या मोकळ्या, हिमाच्छादित पार्किंगमध्ये, आजूबाजूला खांब आणि गाड्या नाहीत हे पाहून, ताशी १० मैलांनी जाऊन ब्रेक एकदा सर्व शक्तीनिशी दाबा. एबीएस असलेल्या गाडीत पॅडल पायाखाली थरथरते आणि घरघरते. पहिल्यांदाच हे होते तेव्हा माणूस घाबरून पाय उचलतो, आणि नेमके तेच करायचे नसते. दाबून धरा, गाडी वळवता येते. ब्रेक पंप करण्याचा जुना सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होता. मागची बाजू बाहेर जाऊ लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, ब्रेक दाबू नका, आणि जिथे जायचे आहे तिकडे पाहून स्टिअरिंग तिकडे हळुवार वळवा. डोळे ज्या खांबाकडे लागतात, हात गाडी त्याच खांबाकडे नेतात. पाच वेळा करून पाहिले की पायाला ते कळते. भाड्याला इलेक्ट्रिक गाडी मिळत असेल तर पहिल्या बर्फासाठी ती टाळा: थंडीत तिची पल्ला गाठण्याची क्षमता बरीच घटते, आणि पाय उचलताच लागणारा तिचा जोरदार ब्रेक निसरड्यावर सवय नसलेल्याला फसवतो.

बर्फ काढणारे नांगर-ट्रक कधी कधी तिरक्या रांगेत, सगळ्या लेन व्यापून जाताना दिसतील. त्यांना ओलांडायचे नाही. अशा रांगेला ओलांडणे कोलोरॅडोत बेकायदा आहे, आणि त्यांच्या मागचा रस्ता हाच त्या क्षणी सर्वांत चांगला रस्ता असतो.

रस्ता बंद झाला आणि तासन्‌तास गाडीत बसावे लागले, असेही होते. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडीत पाणी, दशम्या-चटणी किंवा जे काही मुलगा खाईल ते, ब्लँकेट, आईंची औषधे आणि सर्वांचे बूट हाताशी ठेवा, डिकीतल्या सुटकेसमध्ये नको. गाडी सोडून चालत मदत शोधायला जायचे नाही. हिमात रुतून उभे असताना हीटरसाठी इंजिन चालू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचे हिम उकरून काढा, कारण ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि त्याला वास नसतो. तासाला दहा मिनिटे इंजिन चालवणे आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवणे पुरते.

कोलोरॅडोत नऊ वर्षांखालील मुलाला त्याच्या वजन-उंचीला योग्य अशी सीट किंवा बूस्टर लागतो, तो आधी आरक्षित करा. त्याला जाड जाकीट घालून पट्टा लावू नका. पट्टा फुगलेल्या जाकिटावर घट्ट वाटतो, धक्क्यात जाकीट दबते आणि मूल पट्ट्यातून सुटते. जाकीट काढून पट्टा लावा आणि वरून पांघरूण घाला.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीय परवाना इंग्रजीत असल्याने चालतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा आणि मूळ परवानाही सोबत ठेवा, कारण नुसत्या आंतरराष्ट्रीय परवान्याला अर्थ नसतो. पत्नी गाडी चालवणार असतील तर त्यांचे नाव करारात घाला. नाव नसलेल्या चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा हात वर करतो. तुमचा इथे स्वतःचा मोटार विमा नाही, म्हणून गाडीच्या नुकसानीचे संरक्षण आणि दुसऱ्याच्या नुकसानीची वाढीव जबाबदारी, दोन्ही घ्या: कोलोरॅडोची किमान मर्यादा एका जखमी व्यक्तीसाठी २५,००० डॉलर आहे, आणि अमेरिकेतल्या इस्पितळाच्या बिलापुढे ती काहीच नाही. कच्च्या रस्त्यांवर झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. विमानतळाभोवतीच्या ई-४७० रस्त्यावर रोख टोल घेत नाहीत, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि कंपनी वरून आपला आकार लावते; नकाशात टोल टाळण्याची खूण करून ठेवा.

नकाशाविषयी आणखी एक. आय-७० बंद झाला की फोन कधी कधी छोट्या खिंडींचा पर्याय दाखवतो. हिवाळ्यात गुआनेला पास, इंडिपेन्डन्स पास आणि ट्रेल रिज रोड वाहनांना बंद असतात, आणि लव्हलँड पास उघडा असला तरी ११,९९० फुटांवरचा तो कठड्यांशिवायचा वळणावळणाचा रस्ता तुमच्यासाठी नाही. निघण्यापूर्वी राज्याच्या वाहतूक खात्याच्या ‘सीओट्रिप’ संकेतस्थळावर रस्त्यावरचे कॅमेरे स्वतः पाहा. बोगद्याच्या पश्चिम तोंडाचा कॅमेरा पांढराफटक दिसला तर दोन तास थांबा. आणि गुरुवारी सकाळी ते चित्रच बदलत नसेल, किंवा गाडी मनासारखी मिळालीच नाही, तर गाडी परत करा आणि शटल व्हॅनने जा. ब्रेकनरिज गावात फिरायला मोफत बस आहे. मुक्काम गावातच असेल तर चार दिवस गाडीवाचून काही अडत नाही.

राहिला रविवार. डोंगरात आठवडाअखेर घालवायला गेलेले सगळे डेन्व्हरकर रविवारी दुपारी एकाच वेळी खाली उतरतात, आणि एक गाडी आडवी झाली की दोन तासांच्या रस्त्याला पाच तास लागतात. तीनच्या विमानासाठी रविवारी सकाळी निघण्यात अर्थ नाही, कारण उशीर होतोय या विचाराने पाय आपोआप दाबला जातो. शनिवारी जेवण उरकून बाराच्या आत निघा, उजेडात खाली या आणि रात्र विमानतळाजवळ काढा. रविवारी गाडी परत करताना टायर, काचा आणि चारही बाजूंचे फोटो काढा, इंधनाचा काटा आणि मैलांचा आकडा एकाच चित्रात येईल असे पाहा, आणि डिकीतला ब्रश तिथेच ठेवा, तो त्यांचा असतो.